परिचारिका क्रमांक सात

बाळंतिणीची पाठ कोणी बघत नाही. बाळ बघतात, टाके बघतात, रक्तस्राव किती ते बघतात, दूध उतरलं का ते विचारतात. भेटायला येणारे तर सरळ पाळण्याकडे जातात. मी एकतीस वर्षं नर्सिंग केलं, त्यातली बावीस प्रसूती विभागात आणि नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, म्हणजे सगळे ज्याला एनआयसीयू म्हणतात तिथे. हॉस्पिटल ठाण्यातलं, ट्रस्टचं. नाव लिहीत नाही. कुठे शिकले, कोणत्या साली कुठे लागले, निरोप समारंभात कोण काय बोललं, हे सगळं गाळते. एकच प्रकरण सांगायचं आहे. त्यात मी केलेला एक अभ्यास आहे, माझी एक वही आहे आणि रंजना म्हात्रे नावाची एक सिस्टर आहे, जिची नोकरी त्या वहीमुळे गेली.

आधी बेडसोर म्हणजे काय ते सांगते. माणूस एकाच जागी पडून राहिला की जिथे हाड कातडीच्या जवळ असतं, म्हणजे माकडहाड, टाच, कोपर, तिथे दाबामुळे रक्त पोचत नाही. कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग आत खड्डा होतो. हा म्हाताऱ्यांचा आणि अर्धांगवायूचा आजार अशी सगळ्यांची समजूत. आमच्या विभागाचीही होती. पण सिझेरियनला कमरेत इंजेक्शन दिलं की बाईचे पाय कितीतरी तास तिचे नसतात. टाच गादीत रुतली तरी तिला कळत नाही. खालची चादर ओली असते ती वेगळीच. तरुण आहे, उठेल उद्या, असं म्हणून आम्ही पुढच्या खाटेकडे जायचो.

कल्याणची सविता नावाची पहिलटकरीण होती. रक्तदाब वाढून तिला झटके आले. सिझेरियन झालं, बाळ चांगलं. तिला मात्र चार दिवस गुंगीत ठेवावं लागलं. मग शुद्धीवर आली, जेवायला लागली, हसत घरी गेली. दहाव्या दिवशी टाके बघायला सासू तिला घेऊन आली. सासू-सासऱ्यांचा कल्याणच्या बाजारात कांदा-बटाट्याचा गाळा, मूळचे जुन्नरकडचे. सासूने काही न बोलता सुनेला आमच्याकडे पाठ करून उभं केलं आणि गाऊन वर केला. माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती, मध्ये काळी.

"सिस्टर, कांद्याची गोणीसुद्धा आम्ही चार दिवस एका अंगावर ठेवत नाय," ती म्हणाली. "खालचा कांदा सडतो. उलटीपालटी करावीच लागती. ही तर माझी सून आहे."

मी फाइल काढली. आमच्याकडे एक चार्ट असतो. दिवसाच्या बारा चौकटी, दर दोन तासांना एक. त्यात डावी कूस, उजवी कूस की पाठ ते लिहायचं आणि सही करायची. चारही दिवसांच्या सगळ्या चौकटी भरलेल्या होत्या. मी तो कागद सासूबाईंपुढे धरला आणि म्हटलं, "हे बघा, दर दोन तासांनी कूस बदलली आहे. नोंद आहे."

तिने कागदावरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत. "मग हिच्या पाठीला वाचता येत नसंल," असं म्हणून तिने कागद परत दिला.

त्या गेल्यावर मी फाइल पुन्हा चाळली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या चौकटीत 'उजवी कूस' लिहून सही होती. त्याच वेळी सविता तळमजल्यावर सोनोग्राफीच्या टेबलावर होती; रिपोर्टवर वेळ छापलेली होती. चौकटीतली सही माझी होती.

बाहेरच्या माणसाला हे वाचून धक्का बसेल, म्हणून चार्ट कसे भरले जातात तेही सांगते. अठ्ठावीस खाटा आणि दोन सिस्टर. एकीला सलाइन बदलायचं, दुसरीला प्रसूतीच्या टेबलवर न्यायचं, तिसरीचं बाळ दूध ओढत नाही, चौथीच्या नवऱ्याला सर्टिफिकेट हवं, डॉक्टरांचा राउंड, औषधांची खोली, फोन. कूस बदलायला दोन माणसं लागतात आणि दुसरं माणूस कधीच हाताशी नसतं. काही वेळा कूस बदलली जाते, काही वेळा नाही. शिफ्ट संपायच्या वेळी एकजण खुर्ची ओढते आणि सगळ्या चौकटी एका दमात भरून टाकते. आमच्यातली एक सिस्टर त्यासाठी दोन पेनं ठेवायची, एक गडद निळं, एक फिकं. वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखं दिसावं म्हणून. तपासणीला आलेल्या लोकांनी तिच्या चार्टचं एकदा खास कौतुक केलं होतं. आम्ही तोंड दाबून हसलो होतो.

आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात की जे लिहिलेलं नाही ते केलेलंच नाही असं धरायचं. हेतू चांगला आहे. पण वॉर्डात त्याचं उलटं होतं: लिहिलं की केलं.

सविताच्या जखमेनंतर दोन महिन्यांनी मेट्रन मॅडमनी सगळ्या विभागांच्या इन्चार्ज सिस्टरांना बोलावलं; आमच्या विभागाची इन्चार्ज मी. हॉस्पिटलला दर्जाचं मानांकन घ्यायचं होतं. प्रत्येक विभागाने परिचारिकांनी केलेला एक अभ्यास द्यावा असं ठरलं. बाकीच्या कुरकुरल्या. मी हात वर केला. विषय माझ्या डोक्यात तयार होता: बाळंतिणी आणि नवजात बाळं यांना दाबामुळे होणाऱ्या जखमा कशा टाळता येतील.

मी याद्या करणारी बाई आहे. घरी डोंबिवलीला स्वयंपाकघराच्या दारामागे यादी असते, पर्समध्ये असते, गावी जाताना बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवलेली असते. आमचे हे म्हणतात, हिच्या यादीत नसलेलं काही घरात आलं तर ही त्याला दारातच थांबवेल. त्यामुळे अभ्यास करायचा म्हणताच मला बरं वाटलं. नवी वही आणली, रकाने आखले.

बाळांचं थोडं सांगायला हवं. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला श्वासाला मदत लागते. त्याच्या नाकात दोन मऊ नळ्या बसवतात आणि सीपॅप नावाचं यंत्र त्यातून दाबाने हवा सोडतं. नळ्या हलू नयेत म्हणून त्या टोपीला बांधतात. फार घट्ट बांधल्या, किंवा बराच वेळ सैल करून बघितलं नाही, की दोन नाकपुड्यांमधला पडदा लाल होतो, मग काळा, आणि फारच झालं तर झडतो. बाळ जगतं. नाक मात्र तसंच राहतं. हे टाळायला करायचं काय, तर दर दोन तासांनी नळ्या हलकेच सैल करायच्या, टॉर्च मारून नाक बघायचं, पुसायचं, पुन्हा बसवायच्या. आणि चौकट भरायची.

आता हे खरंच केलं जातं का, ते मोजायचं कसं? दिवसभर एनआयसीयूत उभी राहून मी बघू शकले असते, पण माझ्याकडे अख्खा विभाग होता. मार्गदर्शक म्हणून आम्हाला नर्सिंग कॉलेजच्या एक प्राध्यापिका दिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "नोंदींवरून करा. भरलेली चौकट एक गुण, रिकामी शून्य. वस्तुनिष्ठ राहील." मी मान डोलावली. चार्ट कसे भरले जातात ते मला माहीत होतं. माझी बाराची सही मला माहीत होती. तरी मान डोलावली, कारण तसं केलं की बेरीज होत होती, आणि बेरीज झाली की मला समाधान होतं. दुसरं काही कारण मला आजवर सापडलेलं नाही.

सिस्टरांची नावं अभ्यासात घालायची नव्हती. प्रत्येकीला क्रमांक दिला. कोणता क्रमांक कोणाचा हे फक्त माझ्या वहीत होतं. रंजनाचा सात.

रंजना ठाण्यातल्याच बाळकुमची. तिथल्या जुन्या शेतकरी घरातली. आई मिठागरात कामाला जायची. नर्सिंग शिकली, लग्न झालं, मुलं झाली, दहा-बारा वर्षं घरी बसली आणि चाळिशीला आमच्याकडे कंत्राटावर आली. दर वर्षी करार नवा व्हायचा. इंग्रजी बेताचं, अक्षर मोठं मोठं, पण हात असा की बाळाला कळायचंही नाही. एकदा मी तिला विचारलं, लालसर व्हायच्या आधीच तुला कसं दिसतं? ती म्हणाली, मिठात दिवसभर पाय म्हणजे एवढीशी चीर पडली तरी सडते, म्हणून आई घरी आली की आम्ही पोरं रोज तिचे तळपाय दिव्याखाली बघायचो. जेवायच्या आधी पाय बघायचे, असा घरात नेमच होता. कातडी कधी बिघडणार हे तिला तेव्हापासून ठाऊक.

तिच्या चार्टमध्ये रिकाम्या चौकटी असायच्या. रोज एखादी-दुसरी. अभ्यास सुरू असताना एका दुपारी पँट्रीत मी तिला गाठलं.

"रंजना, दहाची चौकट रिकामी का गं?"

"नाय बघितला नाक दहाला. लेबर रूममधून दोन बालं एकदम आली. एक रडंना, एकाची शुगर खाली. मी त्यांच्यात."

"मग बाराला गेलीस तेव्हा दहाचीही सही करून टाकायचीस. सगळ्या करतात."

तिने कप खाली ठेवला. "सावंत सिस्टर, दहाला सही केली आनि बाराला पन मना जायला नाय मिललं, तर दोनच्या शिफ्टवाली काय समजंल? समजंल, दहाला बघितलाय, तसा काय अर्जंट नाय. रिकामी दिसली तर ती पयली तिकडं धावंल. चौकट रिकामी ठेवली म्हनून तर बालाचा नाक वाचतो."

"पण मला शून्य द्यावा लागेल."

"द्या की. तुमचा शून्य बालाला थोडाच लागतो."

मी हसले. वहीत शून्य लिहिला. तिने जे सांगितलं त्यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता, म्हणून ते कुठेच लिहिलं नाही.

तीन महिन्यांनी बेरजा केल्या. सगळ्यात जास्त गुण दोन पेनवाल्या सिस्टरला. सगळ्यात कमी क्रमांक सातला. त्याखेरीज माझ्याकडे दुसरा एक कागद होता. कोणत्या बाळाच्या नाकाला जखम झाली आणि ती कोणाच्या शिफ्टमध्ये किंवा शिफ्टनंतर प्रथम दिसली, हे मी त्यावर टिपून ठेवलं होतं. त्या कागदावर रंजनाच्या नावापुढे एकही नोंद नव्हती. पहिल्या नंबरवालीच्या पुढे होत्या. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत बसले. जे दिसत होतं ते समजायला अभ्यासाची गरज नव्हती.

प्राध्यापिका बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "सिस्टर, एवढ्या थोड्या बाळांवरून असं काही म्हणता येणार नाही. जखम नेमकी कोणाच्या हातून झाली हे ठरवता येत नाही. हा भाग गाळा. नोंदींचा भाग स्वच्छ आहे, तो ठेवा." शास्त्राच्या दृष्टीने त्या चूक नव्हत्या. तीच कसोटी त्यांनी नोंदींना लावली असती तर तोही भाग गळला असता. पण हे मला त्या वेळी बोलता आलं नाही, किंवा मी बोलले नाही. दुसरा कागद घडी करून वहीत ठेवला.

तपासणी महिन्यावर आली तेव्हा मेट्रन मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. "अभ्यास छान झालाय, सावंत. फक्त हे क्रमांक कोणाचे ते मला द्या. कमी गुणवाल्यांना ट्रेनिंग देऊ."

"मॅडम, ते गुप्त ठेवायचं असतं."

"माझ्यापासून? मी काय वर्तमानपत्रात छापणार आहे? ट्रेनिंगसाठीच हवंय."

मी वहीचं पान उघडून दिलं. त्यांनी फोटो काढला. एका मिनिटाचं काम.

आठवड्याने कळलं की रंजनाचा करार संपतो आहे आणि तो नवा होणार नाही. कारण: नोंदी सातत्याने अपूर्ण. आधार: विभागाचाच अभ्यास. मी तशीच केबिनमध्ये गेले.

"मॅडम, तिच्या बाळांची नाकं बघा. एकालाही जखम नाही."

"तपासणीवाले नाकं बघणार आहेत का? ते चार्ट बघतात. तिच्या चार्टवर रोज भोकं."

"बाकीच्यांचे चार्ट भरलेले असतात ते कसे, हे तुम्हाला माहीत आहे."

मॅडमही वॉर्डातूनच वर गेलेल्या. "मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ते लिहून द्याल? इन्चार्ज म्हणून, सहीनिशी?" मग त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "आणि तिला काय कमी आहे? बाळकुमला टॉवरमध्ये तीन फ्लॅट आहेत त्यांचे. गरजू कोणी असती तर मलाही वाईट वाटलं असतं."

मी घरी येऊन पत्र लिहिलं. पाच ओळी होत्या. आमच्या विभागातले भरलेले चार्ट नेहमी खरे नसतात. त्यात माझ्या सह्याही आहेत. म्हणून त्यांवरून काढलेले गुण चुकीचे आहेत. त्यांच्या आधाराने म्हात्रे सिस्टरांना काढू नये. खाली सही. पत्र पाकिटात घालून पर्समध्ये ठेवलं. मग न देण्याच्या कारणांची यादी केली, त्याच वहीत, मागच्या पानावर. तपासणी तीन आठवड्यांवर. मानांकन गेलं तर खापर विभागावर. विभागातल्या नऊ जणींची चौकशी. माझी निवृत्ती तीन वर्षांवर. यादी चांगली झाली होती. एकही कारण खोटं नव्हतं.

रंजनाचा शेवटचा दिवस शनिवार होता, सकाळची शिफ्ट. तिने सहाही बाळांची नाकं पुसली, टोप्या बदलल्या. बाराची एक चौकट त्याही दिवशी रिकामी होती. ड्युटी देताना तिने दुपारच्या सिस्टरला सांगितलं, "तिसऱ्या बालाचा नाक पयला बघ, मग पर्स ठेव." आमच्याकडे निरोपाला केक आणतात. तिच्यासाठी आणला नव्हता, कारण करार संपला याला निरोप म्हणायचं का, हे कोणाला ठरवता आलं नाही.

तपासणी पुढच्या बुधवारी-गुरुवारी झाली. उत्तम झाली. सोमवारी मी मॅडमना पत्र दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली. "आता याचं मी काय करू?" त्यांनी विचारलं. खरोखरच विचारत होत्या. मग ते माझ्या फाइलला लावलं. त्यावर पुढे काही झालं नाही. मला कोणी जाबही विचारला नाही.

रंजनाकडे मी दीड महिन्याने गेले. नौपाड्यातून मिठाईचा डबा घेतला आणि तो मांडीवर धरून रिक्षात बसल्यावर माझी मलाच लाज वाटली. त्यांच्या भाताच्या शेतावर उभा राहिलेला टॉवर, सातवा मजला. दार तिनेच उघडलं. घरात कोणी नव्हतं. ती कोलंबी सोलत बसली होती. पुन्हा तिथेच जाऊन बसली आणि मला समोर बसायला सांगितलं.

मी सगळं सांगितलं. वहीचं पान, फोटो, पत्र, पत्राची तारीख. कोणत्या दिवशी काय, क्रमाने. ती ऐकत होती, हात थांबला नाही.

"घरात सगला हाय, बाय," ती म्हणाली. आता ती मला सिस्टर म्हणत नव्हती. "पोरं मोठी झाली, नवरा बिल्डरच्या हापिसात बसतो. माजी वाट कोन बघत नाय. तिकडं सहा बालं वाट बघायची. तेवढाच व्हता."

"कल्याणला एक नर्सिंग होम आहे, मी बोलते तिथे."

"मी जाऊन आले. त्यांनी आपल्या हॉस्पिटलात फोन केला. नोंदी अपूर्ण, असा सांगितला त्यांना." तिने एक कोलंबी उचलली, मागचा काळा दोरा ओढून काढला. "तुज्या वहीत मी कितवी?"

"क्रमांक सात."

"आनि तू?"

मला प्रश्न कळला नाही असं मी दाखवलं. तिने पुन्हा विचारलं. मग मी सांगितलं की मी यादीत नव्हते. जी अभ्यास करते ती स्वतःला मोजत नाही, अशी पद्धत आहे.

"असा," ती म्हणाली. "मग तुजा कोन बघनार?"

ती उठून हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

मी वर्षभरात स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याआधी सगळे तक्ते पुन्हा काढले. माझ्या सह्या असलेले चार्ट त्यात घातले, प्रत्येक चौकट त्या वेळी पेशंट नेमकी कुठे होती याच्याशी ताडून बघितली, दुसरा कागदही जोडला. प्राध्यापिका बाईंना पाठवलं. त्यांचं सभ्य उत्तर आलं की अभ्यास पूर्ण होऊन सादर झाला आहे, आता बदल करता येत नाही. हॉस्पिटलकडून पोचही आली नाही.

तपासणीच्या वेळी त्या अभ्यासाचा एक मोठा फलक छापून घेतला होता, रंगीत, काचेच्या चौकटीत. तो एनआयसीयूच्या दाराबाहेर अजून लावलेला आहे. मधे एक जुनी सहकारी भेटली, ती सांगत होती की नव्याने लागलेल्या मुलींना पहिल्या दिवशी त्याच्यासमोर उभं करतात आणि चार्ट कसा पूर्ण ठेवायचा ते समजावतात. तिच्या म्हणण्याप्रमाणे आता विभागात एकही चौकट रिकामी सापडत नाही. फलकावर सिस्टरांचे नुसते क्रमांक आहेत. नाव एकच आहे, सगळ्यात वर, ठळक अक्षरात, आणि ते माझं आहे.